उत्तराला लागणारा वेळ

१

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हाताला कधी लागलं नाही आणि मोठे शब्द मला येत नाहीत. जे झालं ते ज्या क्रमाने झालं तसं लिहितो. चुका वाचणाऱ्याने सुधारून घ्याव्यात.

तरीही माझी नोकरी लिहिण्याची आहे. एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात मी पुस्तिका लिहितो. कंपनीला माल देणारे हजारो पुरवठादार आहेत. कुणी खिळे देतं, कुणी खोके, कुणी रंग. प्रत्येकाला एक नंबर आहे. तो नंबर दिला की त्या पुरवठादाराची नोंद समोर आणणारं एक टूल आमच्याकडे आहे. त्याला एपीआय म्हणतात. मला ते कळेना, तेव्हा दादाने सांगितलं, "पोस्टात खिडकी असते ना? बाहेरून चिठ्ठी सरकवायची, आतून उत्तर येतं. आत कोण बसलंय ते आपण वाकून बघत नाही. तेच हे." ही खिडकी कशी वापरायची याची पुस्तिका मला लिहायची होती. ती बाहेरच्या साठ कंपन्यांना जाणार होती.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. विभागाचा प्रमुख तोच. मला चिकटवलं त्यानेच. मोठ्या साहेबांना म्हणाला होता, "याला कळलं तर कुणालाही कळेल." सगळे हसले. मीही हसलो. मला ते कौतुकच वाटलं होतं.

आमच्या विभागाचा एक नियम आहे. पुस्तिकेतलं उदाहरण मनाने रचायचं नाही. लिहिणाऱ्याने ते स्वतः चालवून बघायचं, आलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवायचं आणि उत्तराला किती सेकंद लागले तेही शेजारी लिहायचं. नंबरही खऱ्या पुरवठादाराचा हवा, आणि त्याचं काम चालू हवं.

२

"मग नमुन्याला कुणाचा नंबर घेऊ?" मी दादाला विचारलं.

"बाबांचा घे."

आमच्या बाबांचा स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना होता. या कंपनीला त्यांनी वीस वर्षं माल दिला.

"कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली की."

"नोंद आहे ना अजून. मी चालू करून घेतलीय. बाबांचं नाव साठ कंपन्यांत जाईल. बरं नाही वाटत तुला?"

बरं वाटलं. खरं सांगतो, डोळे भरून आले आणि कुणी बघू नये म्हणून मी पाण्याच्या नळाकडे गेलो.

परत येऊन पहिलं उदाहरण चालवलं. पडद्यावर काहीच येईना. मी दोनदा नंबर ताडून पाहिला. मग उत्तर आलं. नाव बाबांचं. पत्ता आमच्या घराचा. स्थिती, चालू. आणि सगळ्यात खाली 'शेवटची खात्री' म्हणून एक रकाना होता, त्यात त्याच मिनिटाची वेळ.

एकोणीस सेकंद लागले होते. शेजारचा कुठलाही नंबर घातला की उत्तर अर्ध्या सेकंदात येत होतं.

"जुनी नोंद आहे," दादा म्हणाला. "चालवत राहा. सवय होईल."

सवय कुणाला होईल ते मी विचारलं नाही. मी प्रश्न विचारत नाही, तो माझा स्वभावच नाही.

'शेवटची खात्री' म्हणजे काय लिहू, हे मात्र विचारावंच लागलं. त्याने सांगितलं, "लिही, पुरवठादाराशी शेवटचं बोलणं झालं ती वेळ."

"बोलतं कोण त्यांच्याशी?"

"अरे, लिहायची पद्धत असते ती. आणि वर पहिल्या पानावर ठळक टाक, हे टूल नोंद फक्त बघतं, याने पुरवठादाराला कसलाही त्रास होत नाही."

मी ठळक टाकलं.

३

त्या संध्याकाळी घरी गेलो तर आई दारातच उभी होती.

"तुझे बाबा आज उठले."

बाबांचे गुडघे गेलेत आणि डोकंही आता पहिल्यासारखं चालत नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. दोन वर्षांत कुणी हाताला धरल्याशिवाय ते उठले नव्हते. कारखाना बंद झाल्याचं त्यांना कुणी सरळ सांगितलेलंच नाही. तेव्हा दादा म्हणाला होता, यंत्रं दुरुस्तीला गेलीत असं सांगू. आम्ही तिघांनी तेच सांगितलं. सहा वर्षं यंत्रं दुरुस्तीलाच आहेत.

"डॉक्टरांनी घसा कोरडा केला, चाला, चाला म्हणून," आई सांगत होती. "आज आपले आपण उठले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून बघते तर स्वारी दाराशी. मोठ्याने म्हणतात, आलो, आलो."

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही रे. बंद दाराशी बोलत होते. नाव तेच, जागा तीच, काम चालू आहे. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. आणि आले परत, बसले. मी म्हटलं, बोलू दे दाराशी. माझ्याशी तरी कुठे बोलतात?"

ती हसली. मलाही हसू आलं.

"किती वेळा उठले?"

"अकरा. डॉक्टरांना सांगायला मोजून ठेवलंय."

जेवताना मला माझा कागद आठवला. बाबांचा नंबर मी त्या दिवशी अकरा वेळा चालवला होता. मी स्वतःला समजावलं की अकरा हा काही फार वेगळा आकडा नाही. नाव, मग पत्ता, मग काम कसं चाललंय, याच क्रमाने जगातला कुठलाही माणूस आपली ओळख सांगतो. आणि बाबांना उठता आलं ही चांगलीच गोष्ट होती. वाईट काय त्यात?

४

पुस्तिकेत एकेचाळीस उदाहरणं होती. कधी फक्त नाव मागायचं, कधी फक्त पत्ता, कधी चुकीचा रकाना मागून टूल काय म्हणतं ते दाखवायचं. प्रत्येक वेळी नंबर बाबांचाच. मी रोज दहा-पंधरा वेळा चालवत होतो.

आमच्याकडे तपासणीला एक ताई आहेत. सगळ्या गोष्टींना किती वेळ लागतो ते त्या मोजत बसतात, म्हणून सगळे त्यांना मोजपट्टी म्हणतात. तोंडावरसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात त्या माझा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"हे बघ. एकोणीस, एकोणीस, सतरा, बारा, आठ. बाकी जगाला अर्धा सेकंद. हा एकच पुरवठादार चालत येतो की काय उत्तर द्यायला?"

मागच्या टेबलावरचे दोघे हसले.

"पण सुधारतोय हां," त्या म्हणाल्या. "या वेगाने महिन्याअखेर बाकीच्यांच्या रांगेत येईल."

मला आनंद झाला होता. बाबांच्या नोंदीचा वेग वाढतोय, असं मी घरी सांगणारही होतो. पण घरात शिरलो तर खिडकीजवळ खुर्ची नव्हती. ती बोळात आणून ठेवली होती, दाराच्या दिशेला तोंड करून. बाबा तिच्यात बसले होते.

"त्यांनीच ओढत आणली," आई म्हणाली. आता ती हसत नव्हती. "म्हणतात, सारखं कोण जा-ये करणार. जेवायलाही आत येत नाहीत. मी ताट तिथेच दिलं."

"किती वेळा उठले आज?"

"मोजणं सोडलं मी. तू तरी विचार त्यांना कोण येतं ते."

मी बाबांपुढे उकिडवा बसलो. ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

"बाबा, कोण येतं?"

"विचारायला येतात," बाबा म्हणाले. "सभ्य माणसं आहेत. सारखं तेच विचारतात बिचारी. सरक जरा, वाट अडवू नकोस."

दोन दिवसांनी खुर्चीही राहिली नाही. ते चपलांच्या स्टुलावर बसू लागले, दाराला हात पोचेल इतक्या जवळ. माझ्या कागदावर चार सेकंद आले होते.

५

सुट्टीचा दिवस होता. आई मावशीकडे गेली होती. मी ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला होता, कारण शेवटचं एक उदाहरण राहिलं होतं. निदान दादाला मी तसंच सांगितलं होतं. खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं.

सकाळचे दहा वाजले असतील. भरपूर ऊन आलं होतं. मी आतल्या खोलीत बसलो, खोलीचं दार उघडं ठेवलं आणि नंबर चालवला.

स्टूल कुरकुरलं. स्लिपरा दोनदा घासल्या. "आलो," बाबा म्हणाले. मग थोडं थांबले, समोरच्याचं ऐकून घेताना माणूस थांबतो तेवढं. "नाव तेच. जागा तीच. काम चालू आहे." त्यांचं 'आहे' संपलं आणि माझ्या पडद्यावर उत्तर उमटलं.

चार सेकंद.

एकदा झालं म्हणजे काही सिद्ध होत नाही, असं मला वाटलं. पुस्तिकेत मीच लिहिलंय, खात्रीसाठी तीनदा चालवा. मी पुन्हा चालवला. ते पुन्हा उठले. तिसऱ्यांदा मी फक्त पत्ता मागितला. बाबा म्हणाले, "जागा तीच," आणि गप्प झाले. पडद्यावरही फक्त पत्ता आला.

तिसऱ्या वेळेनंतर ते स्टुलावर बसले नाहीत. दारावर तळवा टेकून उभे राहिले. वेळ लागला होता दोन सेकंद.

त्या तीन वेळा मी नंबर चालवायला नको होता. ते माझ्याच हातून झालं आहे, दादाकडे बोट दाखवून सुटका नाही.

मग मला एक सुचलं. मागच्या वर्षीची जुनी पुस्तिका माझ्या पिशवीत होती. तिच्यातही नमुन्याचा एक नंबर होता, कुणा शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. तो चालवला. बाबा हलले नाहीत. उत्तर मात्र अर्ध्या सेकंदात आलं, आणि त्याच अर्ध्या सेकंदात दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "नाव तेच. जागा तीच. काम चालू आहे."

मी धावत जाऊन दार उघडलं. बाबांना बाजूला करावं लागलं. त्यांचं शरीर लाकडासारखं ताठ झालं होतं.

बाहेर जिना रिकामा होता. समोरच्यांचं दार बंद होतं. ऊन वरच्या जाळीतून पायऱ्यांवर पडलं होतं. पण खालच्या वळणावर, भिंतीच्या कडेला, एक कोपर दिसलं. गुंडाळलेली बाही, सुरकुतलेलं कोपर, बाहीला टोचलेली दोरा ओवलेली सुई. ते हलत नव्हतं. त्याच्या मागे आणखी माणसं असावीत, कारण पुटपुटणं एका गळ्यातलं नव्हतं. शाळेत हजेरीच्या वेळी मागच्या बाकांवरून यायचं तसं ते खालून वर येत होतं. चालू आहे. चालू आहे. चालू आहे.

मी दार लावून घेतलं. वळणापर्यंत गेलो नाही. मी भित्रा आहे.

६

दुसऱ्या दिवशी दादाच्या खोलीत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता त्याच्यासमोर बसलो.

"बाबांचा नंबर काढ."

त्याने का म्हणून विचारलं नाही. तिथेच मला कळलं.

"किती सेकंदांवर आलंय?" त्याने विचारलं.

"दोन. तुला माहीत होतं?"

"मला एवढंच सांगितलं होतं, नमुन्याला घरचा माणूस द्यावा लागतो. विभागप्रमुखाचा. त्यापुढे मी विचारलं नाही. तूही विचारत नाहीस, म्हणून तर तुला घेतलं." तो पेनाचं टोपण काढघाल करत होता. "मग कुणाचा दिला असता, तूच सांग. माझा? माझी दोन पोरं आहेत. तुझा? तुझं अजून सगळं व्हायचंय."

"म्हणून बाबा?"

"बाबा नुसते बसूनच तर असतात."

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला, की क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"जुन्या पुस्तिकेतल्या शिवणकामवाल्या बाई कोण?"

"आधीच्या साहेबांची आई."

"त्या कुठे असतात आता?"

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. "त्यांचं उत्तर लगेच येतं," तो म्हणाला. "घरी परत जायला लागत नाही ना, म्हणून."

मी म्हणालो, "मी नंबर बदलतो. अख्खी पुस्तिका पुन्हा लिहितो. आज इथेच बसतो."

"पुस्तिका सकाळीच गेली," दादा म्हणाला. "तू यायच्या आधी मी पाठवली. उद्या नऊला साठ कंपन्यांची माणसं ती उघडतील."

पुस्तिका हातात आल्यावर माणूस काय करतो ते मला पक्कं ठाऊक आहे. तो मजकूर वाचत नाही. पहिलं उदाहरण उचलतो, जसंच्या तसं चिकटवतो आणि चालतंय का ते बघतो. मीही नेहमी तेच करतो. पहिलं उदाहरण सगळेच चालवतात.

"नोंद बंद कर मग."

"मला नाही करता येत. एकदा चालू झाली की पुढे तिथे काय लिहायचं ते पुरवठादारच सांगतो. त्यांनी बंद आहे म्हटलं तर बंद होईल." त्याने माझ्याकडे बघितलं. "म्हणतील ते?"

निघताना त्याने मागून हाक मारली. "आईला यातलं काही बोलू नकोस. उगाच जिवाला घोर."

लहानपणी पतंगाच्या मांज्याने माझा अंगठा चिरला होता तेव्हा यानेच तो तोंडात धरला होता. जिना उतरताना हे का आठवलं, कळत नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही.

आईला दूध आणायला पाठवलं आणि लांबच्या दुकानातलं आण म्हणालो. बाबा दाराशी उभे होते. मी त्यांचं तोंड पुसलं, केस विंचरले, शर्टाची वरची गुंडी लावली. त्यांनी करू दिलं. त्यांची नजर दारावरून हलली नाही.

"बाबा, माझं ऐका. आज कुणी विचारलं तर सांगा, काम बंद आहे."

"खोटं कसं सांगू?" बाबा म्हणाले.

"खोटं नाही ते."

"यंत्रं दुरुस्तीला गेलीत म्हणजे काम बंद होत नाही. दादाला विचार."

नऊ वाजून चार मिनिटांनी पहिला आला. मला काहीच ऐकू आलं नाही, पण बाबांची मान ताठ झाली. "आलो. नाव तेच. जागा तीच. काम चालू आहे." श्वास घेतला न घेतला तोच दुसरा. मग तिसरा. शब्द एकमेकांवर आदळायला लागले. बाबांचा हात कडीकडे गेला. इतक्या जणांना बंद दारातून उत्तर देत बसणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. ते बाहेर निघाले होते. कडी अर्धी सरकली.

मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. बापाच्या तोंडावर. त्यांचे ओठ माझ्या तळव्यात हलत होते, जागा तीच, जागा तीच, आणि पुढचं यायच्या आत मी दाराला तोंड लावून ओरडलो, "काम बंद आहे. सहा वर्षं झाली बंद होऊन. कारखाना नाही. यंत्रं विकली. काही उरलेलं नाही."

ओठ हलायचे थांबले.

मी हात काढला. बाबा माझ्याकडे बघत होते. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतकं नीट बघितलं नव्हतं.

"विकली?" ते म्हणाले.

"हो."

"कुणी?"

"आम्ही. दादाने, आईने, मी."

"आणि मला सांगितलंत दुरुस्तीला गेलीत."

ते वळले. भिंतीला धरत, एक एक पाऊल टाकत आत गेले आणि खिडकीजवळ, जिथे खुर्ची असायची, तिथे जमिनीवरच बसले. माझ्याकडे पाठ करून. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आईशी बोलतात, जेवतात, आता तर खिडकीतून खाली बघतातही. दाराकडे वळून बघत नाहीत.

मी कडी नीट लावली. बाहेर अगदी शांत झालं होतं. सुटलो, असं मला वाटलं, आणि मी वळणार होतो.

तेव्हा मला कळलं की दारापलीकडे कुणीतरी थांबलंय. आवाज झाला नाही. कुणी काही बोललं, असंही म्हणता येणार नाही. पण उत्तर मी दिलं होतं, बाबांनी नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि आता ते मला विचारत होतं. अगदी सभ्यपणे. कुणी इतक्या आदराने मला कधी काही विचारलेलं नाही.

दारावर तळवा टेकून मी माझं नाव सांगितलं.